गायकाचा कंठ आणि काळ

मनुष्याचे वय त्याच्या केसांवरून, त्वचेवरून आणि चालण्यावरून ओळखता येते. ते आवाजावरूनही ओळखता येते. परंतु आवाजाचे वार्धक्य डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याचा अभ्यास फार काळ मागे राहिला. तरुणपणीचे छायाचित्र जपून ठेवणारे पुष्कळ असतात, तरुणपणीचा आवाज जपून ठेवणारे थोडे. ह्या दृष्टीने व्यावसायिक गायक हा शास्त्रज्ञांना लाभलेला एक दुर्मिळ नमुना होय. तो तीच ती गीते तीस-चाळीस वर्षे श्रोत्यांसमोर गातो आणि त्याच्या मैफली वेळोवेळी ध्वनिमुद्रित होतात. त्या मुद्रिका कालक्रमाने ऐकल्या, तर एकाच कंठाच्या आयुष्याचा आलेख हाती येतो.

त्यातही रॉक संगीत गाणाऱ्याचा कंठ विशेष उद्बोधक ठरतो. विजेच्या गिटारी आणि ढोल यांच्या प्रचंड आवाजात त्याला रात्रीमागून रात्री गावे लागते. मुद्रणगृहात एखादी ओळ दहा वेळा गाऊन त्यांतील उत्तम तेवढी निवडता येते. व्यासपीठावर ती एकदाच गायची असते, आणि त्या क्षणी कंठात जे असेल तेच बाहेर पडते. म्हणून कंठाची खरी परीक्षा प्रत्यक्ष मैफलीतच होते.

तीन रात्री

इंग्लंडमधील गायक व पियानोवादक एल्टन जॉन यांचे उदाहरण ह्यासाठी घेण्यासारखे आहे. २५ मार्च १९४७ रोजी जन्मलेल्या ह्या कलावंताचे मूळ नाव रेजिनल्ड केनेथ ड्वाइट. त्यांच्या कारकिर्दीतील तीन रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली रात्र १७ नोव्हेंबर १९७० ची. न्यूयॉर्कमधील एका मुद्रणगृहात, मोजक्या श्रोत्यांपुढे, जॉन यांनी केवळ दोन साथीदारांसह गायन केले व ते आकाशवाणीवरून थेट प्रक्षेपित झाले. गायकाचे वय २३ वर्षे. आवाज उंच, हलका, चपळ. छातीच्या भरदार स्वरातून तो क्षणार्धात वरच्या नाजूक स्वरात शिरतो आणि तितक्याच सहजतेने खाली उतरतो.

दुसरी रात्र १४ डिसेंबर १९८६ ची, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरातली. ह्या वेळी मेलबर्नचा मोठा वाद्यवृंद त्यांच्या साथीला होता. वय ३९. दौऱ्यात आवाज अनेकदा बसला होता. ह्या अखेरच्या मैफलीत तो घोगरा, खरखरीत व चिरकणारा झाला होता. तरीही ती मैफल पूर्ण झाली, तिची मुद्रिका निघाली आणि त्या मुद्रिकेतील एक गीत पुढे फार लोकप्रियही झाले. जे श्रोत्यांना भावनेचा कढ वाटले, ते वैद्याच्या दृष्टीने रोगाचे लक्षण होते.

तिसरी रात्र ८ जुलै २०२३ ची. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे जॉन यांनी आपल्या निरोपाच्या दौऱ्यातील शेवटची मैफल केली. वय ७६. आवाज खर्जाकडे झुकलेला, जाड आणि भारदस्त. तरुणपणी उंच नाजूक स्वरात गायिलेल्या जागा आता साथीदार गायक घेत होते, किंवा चाल तेथे खालच्या बाजूला वळविलेली होती.

पहिल्या व तिसऱ्या रात्रीमध्ये ५२ वर्षांचे अंतर आहे. ह्या काळात कंठामध्ये नेमके काय घडले, हे समजून घेण्यासाठी प्रथम कंठाची रचना पाहिली पाहिजे.

कंठातील दोन पडदे

गळ्याच्या पुढच्या बाजूस जी उंचवट्यासारखी कूर्चा हाताला लागते, तिच्या आड स्वरयंत्र असते. त्यात समोरून मागे गेलेल्या दोन घड्या असतात. त्यांना रूढ भाषेत स्वरतंतू म्हणतात. परंतु त्या वीणेच्या तारेसारख्या नसून ओठांसारख्या मांसल असतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर व स्त्रियांमध्ये त्याहून कमी असते. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात. बोलताना किंवा गाताना त्या जवळ येतात, फुप्फुसातील हवा त्यांना खालून ढकलून उघडते आणि त्यांची स्थितिस्थापकता व हवेचा ओघ मिळून त्यांना पुन्हा मिटवितात. ही उघडझाप अतिशय वेगाने चालते आणि तिच्यातूनच स्वर जन्मतो. डच शास्त्रज्ञ फान डेन बेर्ख यांनी १९५८ साली ही उपपत्ती सुसंगतपणे मांडली.

सामान्य पुरुषाच्या बोलण्यात ही उघडझाप दर सेकंदास १०० ते १३० वेळा होते. स्त्रीच्या बोलण्यात सुमारे २०० वेळा. पाश्चात्य संगीतातील उंच पुरुषस्वराचा गायक जेव्हा आपल्या सुप्रसिद्ध तार षड्जाला पोहोचतो, तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदास सुमारे ५२३ वेळा एकमेकांवर आदळत असतात.

स्वरतंतूंची आतील घडणही मोठी चतुर आहे. जपानी वैद्य मिनोरू हिरानो यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, स्वरतंतू हा एकसंध पदार्थ नाही. सर्वांत बाहेर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, त्याखाली लवचीक व चिवट तंतूंचे थर आणि सर्वांत आत स्नायू. बाहेरचे मऊ आवरण आतल्या स्नायूवर लाटेसारखे सरकते. आवाजाचे माधुर्य ह्या सरकण्यावर अवलंबून असते. आवरण कोठे ताठर झाले, की लाट तेथे अडखळते आणि आवाजात खरखर येते.

गाण्याच्या शिक्षकाचा आरसा

जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हालतात, हे पद्धतशीरपणे पाहून त्याचे वर्णन करण्याचा मान एका गायन-शिक्षकाकडे जातो. स्पॅनिश गायक मान्वेल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा लहानसा आरसा घशाच्या मागील बाजूस धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढील वर्षी त्यांची निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाली. गार्सिया १०१ वर्षे जगले, आणि त्यांचा तो साधा आरसा कंठवैद्यकाचा पाया ठरला. १८७८ साली जर्मनीत ओएर्टेल यांनी मधून मधून चमकणाऱ्या प्रकाशाचा उपयोग करून वेगवान कंपने डोळ्यांना संथ भासतील अशी योजना केली. आज सेकंदास हजारो चित्रे घेणारे कॅमेरे तेच काम अधिक बारकाईने करतात.

रंगमंचावरील श्रम

गायकाच्या स्वरतंतूंना किती श्रम पडतात, ह्याचा एक साधा हिशेब मांडता येईल. समजा, एका मैफलीत प्रत्यक्ष स्वर लावण्याचा काळ एक तास धरला आणि कंपनांची सरासरी सेकंदास ३०० मानली. तर त्या एका रात्रीत स्वरतंतू १०,८०,००० वेळा एकमेकांवर आदळतील. जॉन यांच्या निरोपाच्या दौऱ्यात ३३० मैफली झाल्या. ह्याच मापाने त्या दौऱ्यातील आघातांची संख्या ३५ कोटींच्या पुढे जाते. शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही कोमल भागावर इतके आघात क्वचितच होत असतील.

आघातांची संख्या हा प्रश्नाचा अर्धाच भाग. दुसरा भाग त्यांच्या जोराचा. साध्या बोलण्यात स्वरतंतूंखालील हवेचा दाब पाण्याच्या सहा ते आठ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. मोठ्याने गाताना तो त्याच्या अनेक पट वाढतो, आणि दाब वाढला की आदळण्याचा जोरही वाढतो. गोंगाटात मनुष्य नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. बाजारात किंवा आगगाडीच्या डब्यात ह्याचा अनुभव कोणालाही येतो. रॉक गायकाच्या बाबतीत हा गोंगाट त्याच्या पाठीशीच उभा असतो. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स ह्या चमूने ५५,००० हून अधिक श्रोत्यांपुढे गायन केले, तेव्हा श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे स्वरही धड ऐकू येत नव्हते. ज्याला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, तो तो अधिकाधिक ताणतो. पुढे गायकाच्या दिशेने वळविलेले ध्वनिवर्धक आले आणि त्यानंतर कानात बसविण्याची लहान साधने आली. ह्या साधनांमुळे कर्णसुखाबरोबर कंठाचेही रक्षण झाले.

युरोपातील नाट्यसंगीताचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय वाद्यवृंदावर मात करतो. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान सुंडबेर्ग यांनी दाखविले की, असा गायक घशाची पोकळी विशिष्ट रीतीने घडवून सेकंदास सुमारे ३,००० कंपनांच्या पट्ट्यात आपल्या आवाजाची शक्ती एकवटतो; तेथे वाद्यवृंदाचा आवाज क्षीण असतो. रॉक गायकाला ध्वनिक्षेपकाचे साहाय्य असल्यामुळे ह्या युक्तीची गरज पडत नाही. पण ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो, कंठावरील ताण कमी करीलच असे नाही. कारण रॉक संगीताच्या श्रोत्याला तो ताणच ऐकावयाचा असतो.

ही खरखर निर्माण कशी होते, ह्याविषयी २०१६ साली एक मनोरंजक संशोधन प्रसिद्ध झाले. ते क्वीन ह्या चमूचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या आवाजाविषयी होते. झांजिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले होते. त्यांचा मृत्यू १९९१ साली झाल्यामुळे क्रिस्तियान हेर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या मुद्रिकांचे विश्लेषण केले. मर्क्युरी यांच्या बोलण्याची मध्यम कंपनसंख्या सेकंदास ११७ च्या आसपास, म्हणजे मध्यम जाडीच्या पुरुषस्वराची निघाली. उंच स्वरांचा गायक म्हणून त्यांची ख्याती असूनही. नंतर एका व्यावसायिक गायकाकडून त्यांच्या शैलीचे अनुकरण करवून त्याच्या कंठाचे वेगवान चित्रण केले. त्यात असे आढळले की, खरखरीत स्वराच्या वेळी खऱ्या स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या बाजूस असणाऱ्या घड्याही कंप पावतात. ह्या घड्या एरवी स्वस्थ असतात.

गाठी आणि शस्त्रक्रिया

आता पुन्हा सिडनीकडे वळू. हाताने फावडे चालविणाऱ्याच्या तळव्यावर जसे घट्टे पडतात, तसेच अतिश्रमाने स्वरतंतूंच्या कडांवरही घट्टे पडतात. ते बहुधा पुढच्या व मधल्या तृतीयांशांच्या सांध्यावर, दोन्ही बाजूंस समोरासमोर येतात. कारण कंपनांचा विस्तार व आघात तेथेच सर्वाधिक असतो. ह्या गाठींमुळे स्वरतंतूंचे वजन वाढते, त्यांच्या कडा पूर्णपणे मिळत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. हवा निसटली की गायक अधिक जोर लावतो, आणि अधिक जोराने गाठी अधिक वाढतात. हे दुष्टचक्र विश्रांतीवाचून तुटत नाही.

जॉन यांच्या स्वरतंतूंवर अशा गाठी आढळल्या. त्या कर्करोगाच्या असतील काय, अशी शंका त्या वेळी मनात येणे स्वाभाविक होते. जानेवारी १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातच शस्त्रक्रिया झाली आणि गाठी निरुपद्रवी असल्याचे निष्पन्न झाले. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या गायकापुढे दुसरा प्रश्न उभाच होता : आवाज परत येईल काय, आणि आला तर तो त्याचाच असेल काय?

ही भीती अनाठायी नव्हती. १९९७ साली इंग्लिश गायिका व अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूज यांच्या कंठावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांचा गाण्याचा आवाज पूर्ववत झाला नाही. शल्यवैद्याच्या चाकूखाली असणारा तो मऊ थर मिलिमीटरच्या अंशाइतका असतो. तेथे व्रण राहिला, तर लाट कायमची अडखळते.

जॉन यांचा आवाज परत आला. मात्र तो पूर्वीचा नव्हता. तो जाड व खालच्या पट्टीचा झाला होता आणि उंच नाजूक स्वर जवळजवळ नाहीसे झाले होते. हे स्वर सर्वांत आधी का जावेत, ह्याला शास्त्रीय कारण आहे. पाश्चात्य संगीतात ज्यास फॉल्सेटो म्हणजे लटका स्वर म्हणतात, तो लावताना स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात, त्यांचा आतील स्नायू सैल राहतो आणि केवळ त्यांच्या कडाच हलकेच कंप पावतात. अशा वेळी कडा अगदी लवचीक व सरळ असाव्या लागतात. भरदार स्वरात जो लहानसा दोष जोराच्या बळावर झाकला जातो, तो ह्या नाजूक स्वरात झाकता येत नाही. म्हणूनच कंठातील बिघाडाची पहिली सूचना उंच व हळू स्वरांतून मिळते.

तथापि सर्व बदलाचे श्रेय किंवा दोष शस्त्रक्रियेला देणे योग्य नव्हे. १९८० नंतरच्या मुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्यास आवाज आधीपासूनच जाड होऊ लागला होता, असे दिसून येते. अतिश्रम, धूम्रपान आणि मादक पदार्थांचे व्यसन यांचाही त्यात वाटा असावा. हे व्यसन जॉन यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले असून १९९० साली उपचार घेऊन ते सोडले. एका कंठात अनेक कारणे एकाच वेळी काम करीत असतात. त्यांतील प्रत्येकाचा वाटा तोलून सांगणे केवळ मुद्रिकांवरून शक्य नसते.

वयाचा वाटा

ज्याने कंठ कधीही ताणला नाही, त्याचाही आवाज वयाबरोबर बदलतोच. स्वरयंत्राच्या कूर्चा तरुणपणी लवचीक असतात. पुढे त्यांत हळूहळू चुना साठून त्या हाडासारख्या कठीण होतात, आणि हा बदल पुरुषांत अधिक ठळक असतो. स्वरतंतूंमधील स्नायू बारीक होतो. मऊ थरातील लवचीक तंतू कमी होऊन चिवट तंतू वाढतात. श्लेष्मल ग्रंथींचा पाझर घटतो व पृष्ठभाग कोरडा पडतो. उतारवयात स्वरतंतू मध्यभागी धनुष्याप्रमाणे वाकतात आणि त्यांत फट राहते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज पोकळ व थरथरता वाटतो, तो ह्यामुळे.

ह्या बदलाची दिशा स्त्रियांत व पुरुषांत सारखी नसते. स्त्रियांचा आवाज ऋतुनिवृत्तीनंतर खाली उतरतो. पुरुषांचा आवाज मध्यम वयापर्यंत किंचित खाली येतो आणि वार्धक्यात स्नायू क्षीण झाल्यावर पुन्हा वर चढतो. फुप्फुसांची शक्तीही वर्षागणिक थोडी थोडी कमी होते. त्यामुळे लांब ओळ एका श्वासात पुरी होत नाही आणि गायक ती मध्येच तोडतो. सूक्ष्म श्रवणशक्ती मंदावली, तर स्वराच्या अचूकपणावरही तिचा परिणाम होतो.

वृद्ध कंठ आजाराला लवकर बळी पडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १६ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ७२ वर्षांचे जॉन न्यूमोनियाच्या विकाराने ग्रस्त असतानाच गावयास बसले. मैफलीच्या मध्येच त्यांचा आवाज नाहीसा झाला आणि त्यांना अश्रू ढाळीत व्यासपीठ सोडावे लागले. जेथे ५० वर्षांची साधना उभी होती, तेथे श्वासनलिकेतील थोडी सूज पुरेशी ठरली.

इतर गायकांचे अनुभवही ह्यास दुजोरा देतात. अमेरिकेतील एरोस्मिथ ह्या चमूचे गायक स्टीव्हन टायलर तारस्वरातील किंकाळीसारख्या गायनाबद्दल प्रसिद्ध होते. ९ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, न्यूयॉर्कजवळील एका मैफलीत त्यांच्या कंठास इजा झाली. स्वरयंत्राच्या कूर्चेलाही तडा गेल्याचे नंतर सांगण्यात आले आणि २ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांच्या चमूने दौरे कायमचे थांबविल्याचे घोषित केले. जॉन बॉन जोव्ही यांचा एक स्वरतंतू क्षीण झाला होता. २०२२ साली शल्यवैद्यांनी त्यास बाहेरून कृत्रिम पदार्थाचा आधार देऊन मध्यरेषेकडे सरकविले, म्हणजे दोन्ही कडा पुन्हा मिळाव्यात. हानी एकाच प्रकारची नसते व तिचा उपायही एकच नसतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

पट्टी उतरविण्याचे शहाणपण

असे असता जॉन ७६ व्या वर्षापर्यंत कसे गाऊ शकले? ह्याचे उत्तर त्यांनी तरुणपणीच्या आवाजाशी स्पर्धा सोडून दिली, ह्यात आहे. पट्टी दोन स्वरांतरांनी उतरविली, तर सेकंदास ४४० कंपनांचा स्वर ३९२ वर येतो. श्रोत्याच्या कानाला फरक थोडा वाटतो, परंतु कंठावरील आघात नऊ भागांपैकी एका भागाने कमी होतात. उंच जागा साथीदारांकडे सोपविणे, चाल खाली वळविणे, ओळीचे तुकडे पाडून श्वासाला जागा करणे, दोन मैफलींमध्ये विश्रांती घेणे, पाणी भरपूर पिणे आणि गाण्यापूर्वी कंठ हळूहळू तापविणे, हे सर्व उपाय साधे आहेत. काही जाणकार श्रोत्यांना त्यात हानी दिसते. पण वयाबरोबर सर्वच गेले, असे म्हणता येत नाही. शब्दांचा उच्चार, लयीची जाण, ओळीला वजन कोठे द्यावे ह्याचे भान आणि गीताचा अर्थ पोहोचविण्याची शक्ती ह्या गोष्टी स्वरतंतूंत नसतात. त्या मेंदूत व अनुभवात असतात, आणि त्या पुष्कळदा वाढतच जातात.

ह्या अभ्यासाचा उपयोग केवळ गायकांपुरता नाही. शिक्षक, फेरीवाले, वकील, कीर्तनकार आणि वर्गातील पन्नास मुलांवर आवाज चढवून शिकविणाऱ्या बाई, ह्या सर्वांची उपजीविका त्याच दोन लहानशा पडद्यांवर चालते, आणि त्यांना साथीदार गायकही नसतो. घसा बसला असता कुजबुजून किंवा जोर लावून बोलण्यापेक्षा काही काळ गप्प राहणे हितावह. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून कंठ तपासून घ्यावा. घट्टा असेल तर तो वेळीच कळतो; आणि क्वचित कर्करोग असेल, तर तो लवकर कळल्यानेच प्राण वाचतो.

२५ व २६ ऑक्टोबर १९७५ रोजी एल्टन जॉन यांनी लॉस अँजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर गायन केले होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी, ४७ वर्षांनंतर, त्याच मैदानावर ते पुन्हा उभे राहिले आणि त्यांतील कित्येक गीते त्यांनी पुन्हा गायिली. चाल तीच, पियानोही तसाच, पण कंठ निराळा. पहिल्या वेळी तो कंठ स्वतःच्या सामर्थ्याची मर्यादा जाणत नव्हता; दुसऱ्या वेळी ती मर्यादा जाणून, तिच्या आत राहून तो गात होता.